टिंबाचा तास

माझ्या आत्याला स्वप्नात माणसं दिसत नसत, बटणं दिसत. हिरवं बटण मंगळवारी चौथ्या तासाला सातवीत जायला निघालं की पिवळं आधीच तिथं जाऊन बसलेलं असायचं, आणि दोघांपैकी कुणीही हलायला तयार नसायचं. मग ती झोपेतच पुटपुटायची, "तू बुधवारी जा की गं," आणि कूस बदलायची. हे मला ठाऊक आहे, कारण सुट्टीतल्या दुपारी मी तिच्याशेजारी गार फरशीवर पडलेली असायचे आणि झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे.

आत्या आमच्या शाळेत गणित शिकवायची. घरात ती आत्या, शाळेच्या फाटकातून आत गेलं की बाई. मी एकदा वर्गात चुकून आत्या म्हणाले तर तिनं मागे वळून, दुसऱ्या कुणाची आत्या आली आहे का, असं पाहिलं होतं. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "तेवढा एक तास मोकळा मिळाला नाही हो." आमच्या घराची मागची खोली तिची. शाळेतली मुलं तिला घड्याळबाई म्हणत, कारण घंटा व्हायच्या आत तिचं पाऊल वर्गात पडलं नाही असा दिवस कुणाला आठवत नव्हता. चूक हा शब्द ती फक्त दुसऱ्यांच्या वहीत लिहायची.

शाळेचं वेळापत्रक तिच्याकडे होतं. बाहेरच्या माणसाला हे काम क्षुल्लक वाटेल. पाचवी ते दहावी सहा वर्ग, आठवड्याचे पंचेचाळीस तास, म्हणजे दोनशे सत्तर घरं. त्या घरांत नऊ शिक्षक असे बसवायचे, की एक माणूस एका वेळी दोन वर्गांत जाता कामा नये, खेळाचा तास भर उन्हात येता कामा नये, आणि भूगोलाच्या सरांना शेवटचा तास मिळता कामा नये, कारण शेवटच्या तासाला ते मुलांच्या आधी पेंगायचे. एक घर हललं की दहा घरं हलतात. दरवर्षी सुट्टीत आत्या दाराएवढी प्लायवूडची फळी फरशीवर आडवी टाकायची, तिच्यावर खडूनं घरं आखायची आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांतून बटणं काढायची. प्रत्येक शिक्षकाच्या बटणांचा एक रंग. गणिताचं काळं, विज्ञानाचं हिरवं, भाषेचं पिवळं. चित्रकलेची निळी होती, जुन्या कोटाची, चांगली रुपयाएवढी.

पडद्यातून दुपारचं ऊन गाळून यायचं. पंखा फिरायचा. आत्या फळीभोवती गुडघ्यांवर सरकत राहायची आणि एकेक बटण दोन बोटांनी उचलून ठेवायची. मध्येच तिचा हात अधांतरी थांबायचा. कितीतरी वेळ थांबायचा. त्या वेळी तिला हाक मारली तर ऐकू जात नसे. मला वाटायचं, ती फळीवरून आत शिरून शाळेच्या व्हरांड्यातून फिरते आहे, एकेका वर्गात डोकावते आहे, आणि सगळी शाळा अजून कुणी न आलेली, झाडून ठेवलेली, तिची वाट पाहत उभी आहे. अजूनही रिकामी शाळा पाहिली की मला आत्याच्या अंगाला येणारा साबणाचा वास येतो.

मी सहावीत जाणार होते त्या सुट्टीत चित्रकलेचे सर नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी कुणी येणार नाही, एवढंच पत्र आलं. त्यांच्या तासांचं काय करायचं ते पत्रात नव्हतं. आत्यानं निळी बटणं उचलून डब्यात टाकली. प्रत्येक वर्गाचं आठवड्याचं एकेक घर रिकामं राहिलं. कच्च्या कागदावर त्या सहा घरांत तिनं पेन्सिलीनं बारीक टिंबं दिली. इथं नंतर बघू, अशी स्वतःला खूण. आणि मग, छापायची घाई झाली तेव्हा, ती स्टेन्सिल कोरायला बसली आणि समोर होतं ते तंतोतंत उतरवून काढलं. टिंबांसकट. आमच्यासारखं कुणी असतं तर नक्कल करताना दोन-चार गोष्टी सुटल्या असत्या, त्यात टिंबंही सुटली असती. आत्याकडून काही सुटत नसे.

चाळीस प्रती निघाल्या. त्या वेळच्या हेडसरांनी नेहमीप्रमाणे न पाहता सही केली. वेळापत्रक भिंतीवर लागलं. आणि शाळेत एकदा छापलेलं भिंतीवर लागलं की ती काळ्या दगडावरची रेघ. शिक्षकांना वाटलं हेडसरांनी काहीतरी योजलं असेल. हेडसरांना वाटलं वरून आलं असेल. वरच्यांना टिंब दिसलंच नाही. आत्याला ते पहिल्या दिवशी भिंतीवर दिसलं. पण तिनं ते तसंच राहू दिलं. हे सगळं मला तब्बल सव्वीस वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की माझ्या वहीत गुरुवारच्या सहाव्या तासापुढे मी एक टिंब उतरवून घेतलं आहे.

गुरुवारी सहाव्या तासाला दारातून आत्या आली. म्हणजे बाई. चूक आपली, तर निस्तरायलाही आपणच जायला हवं, असा तिचा हिशेब असणार. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उभं राहून विचारलं, "बाई, टिंबाला कुठली वही काढायची?"

"कुठलीच नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय करायचं?"

बाईंनी जरा विचार केला. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या.

गणिताच्या बाईंना काहीतरी माहीत नाही, या बातमीनं वर्ग हादरला. आम्ही बराच वेळ तिच्याकडे मान वळवून पाहत राहिलो. ती वह्या तपासत होती. वर्गाबाहेर जायचं नाही, कुणाला लागेल असं करायचं नाही आणि मी काय करू असं विचारायचं नाही, हे तीन नियम तिनं वर न पाहताच सांगितले. एवढ्यावर तो तास संपला.

पहिले तीन आठवडे आम्ही कंटाळलो. खराखुरा, भरपूर, पोटभर कंटाळा. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून मोठी माणसं किती धडपडतात, आणि इथं एक बाई मागे बसून आम्हाला खुशाल कंटाळू देत होती. चौथ्या गुरुवारी कुणीतरी जांभई दिली. ती शेजारच्याला गेली, मग पुढच्या बाकावर, मग खिडकीकडे. एका मुलानं ते पाहिलं आणि तो बोटांवर मोजायला लागला. पुढच्या गुरुवारी चौघांनी मिळून जांभईचा नकाशाच काढला. पहिल्या बाकावरून निघालेली जांभई शेवटच्या बाकापर्यंत किती वेळात पोचते, कुणाजवळ अडते, कोण तिला गिळून टाकतं. बाईंपर्यंत ती एकदाच पोचली आणि बाईंनी तोंडावर वही धरली, हेही त्यांनी नकाशात दाखवलं. एक मुलगी भिंतीतल्या पाण्याच्या पाइपला कान लावून बसायची आणि वरच्या मजल्यावर काय चाललं आहे ते सांगायची. ती सांगायची ते निम्मं खोटं असायचं आणि सगळ्यांना खोट्या निम्म्याचीच वाट असायची. दोघी मैत्रिणींनी फक्त प्रश्नांत बोलायचं ठरवलं. त्यांचं भांडणसुद्धा प्रश्नांतच झालं आणि मिटलंही. एक जण झोपायचा. त्याला कुणी उठवलं नाही, आणि वर्षाअखेरीस तो उठून बसला आणि त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "तुम्ही काय करताय रे?" त्याच्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

मी छताकडे पाहायचे. छतावर ओलीचा एक मोठा डाग होता. गुरुवारमागून गुरुवार मी त्या डागात फिरायला जायचे. त्यात एक किनारा होता, एक अरुंद रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला एक घर होतं. घरात कोण राहतं ते मला कित्येक महिने कळलं नाही. दुपारचं ऊन बाकांवरून हळूहळू सरकायचं, खडूची धूळ त्यात तरंगायची, जांभईवाले कुजबुजत असायचे, आणि मी त्या घराच्या दाराशी उभी असायचे. एक दिवस दार उघडलं. मी वहीचं मागचं पान फाडलं आणि आत जे दिसलं ते लिहून काढलं. ते पान मी कुणाला दाखवलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. लिहिलेलं कुणी तपासणार नाही, हे सुख मला तोवर माहीत नव्हतं. मी आज जी कुणी आहे ती त्या दारातून आत गेले म्हणून आहे, असं मला मनापासून वाटतं.

लगेच कुणी विचारेल, मग त्या वर्गातून किती कलावंत झाले? एकही नाही. जांभईच्या नकाशावाला नळदुरुस्ती करतो. पाइपला कान लावणारी दवाखान्यात औषधं देते. पण नळवाल्याला घरी बोलावलं तर तो आधी दहा मिनिटं नुसता भिंतीकडे पाहत उभा राहतो आणि मग नेमकी तीच फरशी उचलतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

पुढच्या वर्षी पत्र आलं, चित्रकलेचा तास विज्ञानाला द्यावा. तो दिला गेला. वेळापत्रकात टिंब होतंच. त्याच्या पुढच्या वर्षीही होतं. हेडसर बदलले, स्टेन्सिल जाऊन संगणक आला, मी शिकून त्याच शाळेत भाषेची बाई म्हणून लागले, लग्न करून चार गल्ल्या पलीकडे राहायला गेले. टिंब होतंच. आत्या प्रत्येक वर्गाच्या टिंबाला मागच्या बाकावर जाऊन बसायची. तिचे केस पांढरे झाले एवढाच फरक.

तिच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू असताना वरून एक पत्रक आलं. मुलांच्या सर्जनशीलतेसाठी आपली शाळा काय करते ते आठ दिवसांत कळवा. आताचे हेडसर पत्रकं वाचणारे आहेत. त्यांनी सगळी शाळा पालथी घातली, काही सापडेना, आणि शेवटी भिंतीवरच्या वेळापत्रकात त्यांना टिंब दिसलं. मग काय विचारता. सव्वीस वर्षं अखंड चालू असलेला अभिनव उपक्रम, असा त्यांनी चार पानी अहवाल लिहिला. आत्याला त्यांनी वाचूनही दाखवला. ती म्हणाली, "सर, एवढं काही नाही हो ते." सरांना तो विनय वाटला.

महिन्याभरात उत्तर आलं. उपक्रम पाहायला अधिकारीबाई येणार. पसंत पडला तर हा विषय सगळ्या शाळांत सुरू करायचा. उद्दिष्टं, कृती, मूल्यमापन, वीस गुण. हस्तपुस्तिका आत्यानं लिहायची आणि निवृत्तीच्या दिवशी तिचा जाहीर सत्कार. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी आत्याचं अभिनंदन केलं. मी पण केलं. ती माझ्याकडे पाहून नुसती म्हणाली, "वीस गुण?"

अधिकारीबाई आल्या तो दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखा आठवतो. हेडसरांनी सातवीचा वर्ग आठ दिवस तयार करून घेतला होता. दारावर रंगीत पाटी, सर्जनशीलता तास. पहिल्या रांगेनं माती मळायची, दुसरीनं कागदाची फुलं करायची, तिसरीनं कविता म्हणायची. मुलं शहाण्यासारखी करत होती. कुणी जांभई दिली नाही. कुणी छताकडे पाहिलं नाही. अधिकारीबाई बाकांमधून फिरत होत्या, कौतुकानं वाकून पाहत होत्या. माती मळणाऱ्या एका मुलीपाशी त्या थांबल्या तेव्हा तिनं हात आवरते घेतले आणि अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, याला गुण कशावर देणार? आकारावर की नीटनेटकेपणावर?"

आत्या मागच्या बाकावर बसली होती. तिच्यासमोर वह्या नव्हत्या. मी दारातून तिचा चेहरा पाहिला. माझी आजी, तिची आई, गेली तेव्हाही तिचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता.

नंतर हेडसरांच्या खोलीत चहा आला. मला वेळापत्रकांच्या जुन्या फायली घेऊन बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होते. अधिकारीबाईंनी फार आपुलकीनं विचारलं, "या टिंबामागची तुमची भूमिका काय होती? सुरुवात कशी झाली?"

आत्यानं कप खाली ठेवला. "ती चूक आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चित्रकलेचे सर गेले, सहा घरं रिकामी राहिली. नंतर भरू म्हणून मी पेन्सिलीनं टिंबं दिली आणि स्टेन्सिलवर तशीच कोरली. उपक्रम वगैरे काही नाही. माझ्या हातून झालेली चूक आहे."

हेडसर हसले, मग त्यांनी हसणं थांबवलं. मला कळेना कुठं पाहावं. नाकावर माशी बसू न देणारी माझी आत्या, परीक्षेत मुलानं एक चिन्ह चुकवलं तर दिवसभर हळहळणारी, ती आपली चूक दोन माणसांसमोर मांडून शांत बसली होती. चूक म्हटलं की सत्कार गेला, हे तिला कळत होतं. चूक म्हटलं की ती दुरुस्त करा म्हणतील आणि टिंबही जाईल, हेही कळत होतं. आणि चूक नाही म्हटलं तर टिंबाचा विषय होणार होता.

"अहो, पण मग सव्वीस वर्षं दुरुस्त का नाही केलीत?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"राहून गेलं," आत्या म्हणाली.

अधिकारीबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याही कधीतरी कुठल्याशा वर्गात शिकवत असतील, एखाद्या खिडकीबाहेर पाहत असतील, असं मला उगाच वाटून गेलं. मग त्यांनी पेन काढलं आणि आपल्या कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "छपाईतील चूक. उपक्रम म्हणून विचार करता येत नाही. दुरुस्ती शाळेने आपल्या पातळीवर करावी." तारीख घातली नाही. हेडसर म्हणाले, "कधीपर्यंत करायची?" त्या म्हणाल्या, "तुमच्या पातळीवर," आणि गाडीत जाऊन बसल्या.

हेडसरांच्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस एकच चेष्टा चालली. कुणी पेन विसरलं तरी म्हणायचे, "चालायचंच, घड्याळबाई चुकल्या, तिथं आमची काय कथा." जे लोक तिच्यापुढे मान वर करत नसत ते तिला टाळी द्यायला लागले. ती हसायची. पण घरी आली की पाय धुऊन खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची, असं माझ्या वहिनीनं मला सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी चहा झाला, एक पेन मिळालं, चार शब्द बोलले गेले. दुसऱ्या दिवशी तिनं फळी आणि बटणांचे डबे रिक्षात घालून माझ्याकडे पाठवून दिले. निरोप काही नव्हता.

त्या सुट्टीत मी पहिल्यांदा वेळापत्रक करायला बसले. हेडसरांनी बजावून ठेवलं होतं, "ती दुरुस्ती तेवढी करून टाका." मी हो म्हटलं होतं आणि मनात ठरवलं होतं, की राहून जाऊ द्यायचं. राहून जायला काय लागतं? मीही फरशीवर फळी टाकली, पडदा ओढला, बटणं मांडली. तिसऱ्या दिवशी गणिताचे नवीन सर घरी आले. तरुण आहेत, सरळ आहेत. उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. नियमानं गणिताला आठवड्याचे सहा तास असतात. आपल्याकडे पाचच आहेत. असं कसं?"

"पाच नसतील," मी म्हटलं.

त्यांनी मोजून दाखवले. पाच होते. प्रत्येक वर्गाला पाच. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि जुन्या फायली काढल्या. गेल्या वर्षी पाच. त्याआधी पाच. मी मागे मागे जात राहिले, कागद पिवळे होत गेले, संगणकाची अक्षरं संपून स्टेन्सिलची पुसट अक्षरं सुरू झाली. पाच. पाच. अगदी पहिल्या टिंबाच्या वर्षी मात्र सहा होते. दुसऱ्या वर्षी चित्रकलेचं घर विज्ञानाला गेलं, आणि त्याच वर्षीपासून गणिताचं एक घर कमी झालं होतं. प्रत्येक वर्गातलं.

सर म्हणाले, "मग यांचा अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा? निकाल तर चांगले दिसतात."

तेव्हा मला सकाळ आठवली. शाळा भरायच्या आधी पाऊण तास. सोमवारी पाचवी, मंगळवारी सहावी, बुधवारी सातवी, असं करत शनिवारी दहावी. घड्याळबाईंचा जादा तास. पंचवीस वर्षांत या तासाला शिव्या दिल्या नाहीत असं पोर आमच्या शाळेत झालं नाही. मी सातवीत असताना बुधवारी अंधुक उजेडात डोळे चोळत चालत जायचे आणि मनात म्हणायचे, हिला स्वतःचं घरदार नाही म्हणून आम्हाला छळते. एकदा हे मी मैत्रिणीला मोठ्यानं म्हणाले होते. मागे आत्या येत होती. तिनं ऐकलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

सर गेल्यावर मी तशीच माहेरी गेले. आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, डोळे अर्धवट मिटलेले. खोलीतली फळी ठेवायची जागा रिकामी होती आणि तिथं ऊन पडलं होतं.

"आत्या, गणिताचे तास पाच आहेत," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. "मोजलेस तू?"

"नवीन सरांनी मोजले."

"वाटलंच. तुझं गणित पहिल्यापासून कच्चं."

मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. मला खूप बोलायचं होतं आणि रडूही येत होतं. शेवटी मी एवढंच म्हणू शकले, "तू त्या दिवशी अधिकारीबाईंना हे का नाही सांगितलंस? सगळे चूक चूक म्हणून चिडवत होते तेव्हा तरी?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, प्रत्येक शिक्षकानं असा जादा तास घ्यावा. पत्रक निघालं असतं." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "आणि चूक झालीच होती की. पहिल्या वर्षी. खोटं नाही बोलले मी."

"मग दुसऱ्या वर्षी?"

तिनं पुन्हा डोळे मिटून घेतले. मला वाटलं तिला झोप लागली. "सहावीचा वर्ग होता तुमचा," ती म्हणाली, "मी मागं बसून वह्या तपासत होते. तू वर छताकडे बघत होतीस. महिनोन्महिने. मला वाटायचं, या पोरीचं काय होणार. मग एक दिवस तू कागद फाडून लिहायला लागलीस. घंटा झाली तरी तुला ऐकू गेली नाही. दारात आलेल्या सरांना मी खुणेनं सांगितलं, जरा थांबा. त्या दिवशी पहिल्यांदा माझा पुढचा तास उशिरा सुरू झाला." ती माझ्याकडे वळली. "पुढच्या वर्षी मग मला ते टिंब पुसवेना."

ऊन सरकत सरकत तिच्या पायांपर्यंत आलं होतं. मी तिला विचारणार होते, त्या बुधवारी मी बोलले ते तू ऐकलंस का. माझं धाडस झालं नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "गणिताच्या सरांना सहा देशील ना? त्यांचा हक्क आहे तो."

"देते," मी म्हटलं. "भाषेचे सहा आहेत. पाच करते."

"सकाळी उठावं लागतं," ती म्हणाली. "तुला झोप फार."

शाळा सुरू झाली. भिंतीवर वेळापत्रक लागलं. हेडसरांनी टिंबावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, दुरुस्तीचं काम चालू आहे. पहिल्या सोमवारी मी पाऊण तास आधी पोचले. व्हरांडा झाडून ठेवलेला होता, वर्गांच्या काचांवर नुकताच उजेड आला होता. पाचवीची मुलं एकेक करून आली, सुजलेल्या डोळ्यांची, कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली. खिडकीजवळच्या मुलीनं दप्तर बाकावर आपटलं आणि शेजारणीला म्हणाली, "या बाईंना घरी काही कामं नसतात का?"

ती माझ्यापासून दोन हातांवर होती. सगळं स्पष्ट ऐकू आलं. मी फळ्याकडे वळले, खडू घेतला आणि तारीख लिहिली.